उज्ज्वला मॅडमची रांग

आमच्या गावात नवा शब्द आला की लोक आधी विचारतात, हा कोणाच्या विरुद्ध आहे? गाव आर्णी तालुक्यातलं, शाळा दोन शिक्षकांची. एक मी, मुख्याध्यापक, आणि दुसऱ्या उज्ज्वला राठोड. मी कोणाच्या अध्यातमध्यात नसतो. निवृत्ती जवळ आली आहे, आणि गावाशी वैर घेण्याइतकी माझी तब्येत चांगली नाही. मॅडमची फारच चांगली आहे.

बाई बंजारा तांड्यावरच्या. पहिलीत गेल्या तेव्हा घरी गोरबोली आणि शाळेत मराठी. "नागरिक", "ग्रामपंचायत" असले शब्द अर्थ न कळता घोकले आणि चुकले म्हणून मार खाल्ला. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून त्यांच्या वर्गात नियम एकच, हात लावल्याशिवाय शब्द नाही. टपाल शिकवायचं तर पोरं लाल पेटीला हात लावून येणार. दवाखाना शिकवायचा तर नर्सबाईच्या टेबलाला. मला हा तमाशा कधीच आवडला नाही. पुस्तकात चित्रं काय झक मारायला छापली आहेत?

मग "सार्वजनिक" हा शब्द आला.

मॅडमनी तिसरीचा वर्ग पांदणीवर नेला. वावरांकडे जाणारी बैलगाडीची ही वाट सगळ्या गावाची. अलीकडच्या बाभळीपासून पलीकडच्या हद्दीच्या दगडापर्यंत पोरांनी एकमेकांचे हात धरून आडवी रांग केली. जेवढी रांग तेवढी वाट सगळ्यांची, म्हणजे सार्वजनिक, असं मॅडमनी सांगितलं. गंमत अशी की तो दगड आता वाटेच्या कडेला नाही, पुंडलिकरावांच्या कपाशीत आहे. पुंडलिकराव दर हंगामात नांगराचं एक-एक तास पुढे सरकत पांदण गिळत आले. पण दगडाला शेंदूर लागलेला. पेरणीआधी ते स्वतः तिथे नारळ फोडतात, मग दगड हलवणार कोण? देव हलवणं पाप, वाट गिळणं पाप नाही! त्यामुळे देव जागच्या जागी राहिला आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, त्याला ओलांडून पुढे गेला.

अर्धी रांग कपाशीत उभी होती. दगडाला हात लावून शेवटी उभी होती सुरभी, पुंडलिकरावांची नात. रात्री जेवताना ती म्हणाली, "आबाजी, आपली कपाशी सार्वजनिकात हाये."

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव शाळेत आले. ते शाळा समितीचे अध्यक्ष, त्यामुळे मागोमाग निम्मं गाव आलं. ज्यांच्या बैलगाड्या त्या वाटेत अडकतात तेही आले आणि मूग गिळून बसले. त्यांची मला सगळ्यात जास्त चीड आली.

"मॅडम, तुमी पोरायले काय शिकवून राह्यल्या?" पुंडलिकराव म्हणाले.

"शब्द."

"तो शब्द मांगं घ्या. पोरायले सांगा का ती वाट माही हाये."

"मी हात लावून शिकवलंय. आता नाही घेता येणार."

"मंग मीच इचारतो." त्यांनी सुरभीला समोर उभं केलं. "सांग वं पोरी, सार्वजनिक म्हंजे कोनाचं?"

पोरीने मॅडमकडे पाहिलं, मग आजोबांकडे. रात्री घरी काय झालं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आबाजीचं," ती म्हणाली.

गाव खो खो हसलं. मॅडमचा चेहरा उतरला. बदलीची भीती दाखवली असती तर बाई डगमगल्या नसत्या, पण हे त्यांना लागलं. जाताना पुंडलिकराव बजावून गेले, "आता वर्ग भिंतीच्या आत. नाही तं सारे पोरं आर्णीच्या कॉन्व्हेंटात टाकतो. लावा मंग शाळेले कुलूप."

दुसऱ्या सकाळी प्रार्थना संपली आणि बाई वर्ग घेऊन पुन्हा पांदणीकडे निघाल्या. मी मागे धावलो, परत आणायला. सांगतो काय, बाईंच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती. पुंडलिकरावांच्या भावकीने पोरं घरी ठेवली होती, त्यामुळे रांग तोकडी पडली. सुरभी आईचा डोळा चुकवून आली होती, पण कपाशीच्या कडेला येऊन थबकली.

"आबाजी मारन मले."

"तू इथंच थांब," मॅडम म्हणाल्या. "कपाशीत मी जाते." रांगेतल्या शेवटच्या पोराचा हात धरून त्या उतरल्या, दुसरा हात लांब केला. तरी दगड दूरच. तिकडून पुंडलिकराव काठी उगारत, शिव्या देत येत होते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचाच मला जास्त राग आला.

पुंडलिकरावांना, बाईंना आणि स्वतःच्या निवृत्तीला मनात शिव्या घालत मी कपाशीत उतरलो आणि दगडाला हात लावला. बोटांना शेंदूर लागला. पण माझ्यात आणि मॅडममध्ये एवढीशी जागा उरलीच.

सुरभी आली. पळत आली आणि मधे उभी राहिली. एका हाताने तिने मॅडमना धरलं, दुसऱ्याने मला. शिव्यांचा आवाज जवळ येत होता.

"सर," ती म्हणाली, "हात लागला न? आता शब्द सांगा."

मी सांगितला. पुंडलिकरावांना नीट ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने सांगितला.