निंगप्पाच्या हातचं पाणी

सोलापूरहून एस.टी.नं तासाभरावर, सीनेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या निंगप्पा कोळ्याच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या एक काम होतं. गावात सरकारी माणूस आला, की त्याला प्यायला पाणी आणून द्यायचं. मग तो मामलेदार असो, फौजदार असो, नाहीतर पोरांना देवी टोचायला आलेला कुणी असो. पुढं वतनं गेली, कागदोपत्री हे काम संपलं. पण सवयी काय अशा कागदावर संपतात होय? चावडीपुढं जीप थांबली रे थांबली, की निंगप्पा कळशी घेऊन हजर.

एरवी तो मासे धरायचा, पावसाळ्यात माणसं पैलतीरी पोचवायचा. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाण्याच्या बाबतीत मात्र भलताच चिकित्सक. त्याला कारण होतं. तो सात वर्षांचा असताना एका गोऱ्या साहेबाच्या पेल्यात गाळ निघाला आणि साहेबानं त्याच्या बापाला चावडीपुढं भर उन्हात दिवसभर ओणवं उभं केलं. पोरानं ते सगळं बघितलं. रात्री पाठ शेकता शेकता बापानं त्याला सांगून ठेवलं, ‘‘नदी कशी का असंना, वरच्या वळणावर खडकाखाली झरा हाय. तितलं पानी घ्यायचं, धोतराच्या तीन पदरांतनं गाळायचं, मगच सरकारम्होरं जायचं.’’ निंगप्पानं ते जन्मभर पाळलं.

सत्तरच्या सुमारास नदीच्या वरच्या अंगाला साखर कारखाना निघाला आणि पाठोपाठ त्याची दारूची भट्टी. गळीत सुरू झालं की भट्टीतलं मळीचं पाणी नदीत यायचं. काळंभोर, वर फेस, आणि वास असा की जेवताना घास घशाखाली उतरू नये. पहिल्या वर्षी मासे पोट वर करून काठाला लागले. दुसऱ्या वर्षी म्हशी गाभडल्या. माणसांच्या अंगावर फोड उठले. वळणावरचा झरा कळशीभरापुरता; गाव त्याच नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी प्यायचं. आता त्या झिऱ्यांतही पिवळट पाणी चढू लागलं. निंगप्पाचं जाळं आढ्याला टांगलं गेलं, ते टांगलेलंच राहिलं. त्याची बायको काशम्मा वाळकं सरपण विकून चूल पेटती ठेवू लागली.

शाळेतल्या वेणीमाधव गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, की नदी नासवणाऱ्याला जाब विचारणारा कायदा झालाय. त्यांनी अर्ज लिहिला. उत्तर नाही. दुसरा लिहिला, तिसरा लिहिला. पाचव्या अर्जानंतर, चौऱ्याहत्तरच्या मार्च महिन्यात पाणी तपासणाऱ्या खात्याचा एक तरुण साहेब जीपमधून उतरला. गुरुजी नेमके तालुक्याला परीक्षेच्या कामाला गेलेले. साहेबासमोर आले ते पाटील चनमल्लप्पा आणि कळशी घेतलेला निंगप्पा.

साहेब नदीपर्यंत गेला खरा. पण काठावर सडक्या माशांचा खच पडलेला आणि पुढं गुडघाभर काळा चिखल. साहेबानं नाकाला रुमाल लावला, आपल्या पॉलिश केलेल्या बुटांकडं बघितलं आणि दोन पांढऱ्या बाटल्या निंगप्पाच्या हातात दिल्या. ‘‘नदीचं पाणी भरून आणा. गाव पितं ना, ते.’’ एवढं सांगून तो झाडाखाली कागद लिहायला बसला. बाटली कशासाठी, त्या पाण्याचं पुढं काय होणार, हे सांगायला त्याची जीभ काही झिजली नसती. पण नाही सांगितलं.

निंगप्पा चिखलात उतरला. बाटलीचं तोंड काळ्या पाण्याला लावलं आणि हात थांबला. हे पाणी सरकारच्या हातात द्यायचं? साहेब बघणारच की ते, गाळ आहे का, घाण आहे का! बापाची वाकलेली पाठ त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. तो तसाच मागं फिरला, वळणावर गेला, खडकाखालच्या झऱ्याशी बसला. बाटल्या तीनदा विसळल्या. धोतराचा सोगा तिहेरी केला आणि थेंब थेंब गाळून दोन्ही बाटल्या काठोकाठ भरल्या. साहेबानं त्या उन्हात धरून बघितल्या. क्षणभर त्याच्या कपाळावर आठी पडली, पण दुपार कलली होती. त्यानं लाख लावली, शिक्के मारले आणि कागदावर निंगप्पाचा अंगठा घेतला. निंगप्पा त्या दिवशी घरी खुशीत आला. ‘‘साहेब एका शब्दानं बोलला न्हाय,’’ त्यानं काशम्माला सांगितलं.

मे महिन्यात सोलापूरला सुनावणी झाली. गुरुजी, पाटील आणि अंगठेवाला म्हणून निंगप्पा, असे तिघं गेले. मोठ्या साहेबानं अहवाल वाचला. पाणी स्वच्छ, पिण्यास योग्य. गुरुजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कारखान्याचा माणूस पाय लांब करून खुर्चीत रेलला.

निंगप्पाला वाचता येत नव्हतं, पण गुरुजींचा चेहरा वाचता येत होता. आपल्या हातून काय झालंय ते त्याला त्या खोलीत कळलं. तो उठून उभा राहिला. उभ्या जन्मात तो साहेबलोकांपुढं विचारल्याशिवाय बोलला नव्हता.

‘‘साहेब, त्ये पानी नदीचं न्हाय. म्या झऱ्याचं आनलं. गाळून आनलं.’’

मोठ्या साहेबानं तरुण साहेबाकडं बघितलं. ‘‘नमुना तुम्ही स्वतः घेतला होता ना?’’

तरुण साहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खरं बोलावं तर नोकरीवर बेतणार. ‘‘हो सर. पंचनाम्यात तसं आहे. खाली यांचाच अंगठा आहे,’’ तो म्हणाला. निंगप्पाकडं त्यानं बघितलं नाही.

झालं. अर्ज निकालात निघाला.

बाहेर आल्यावर गुरुजींचा आवाज चढला, ‘‘अरे निंगप्पा, का केलंस असं? सगळ्या गावाचं काम होतं रे हे!’’

‘‘हात बुडंना, गुरुजी. घान पानी सरकारला कसं द्यायचं?’’ एवढं बोलून तो फुटपाथवर बसला आणि पोरासारखा रडला. गुरुजी त्याच्या शेजारी टेकले. पाच अर्ज लिहिले, पण या माणसाला जवळ बसवून दोन वाक्यं सांगावीत हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

पुढच्या हंगामात भट्टी वाढली आणि खडकाखालचा झराही काळवंडला. माघात काशम्माला जुलाब लागले. तिला पाणी हवं असायचं, सारखं पाणी. निंगप्पा उकळायचा, गाळायचा, तरी वास जायचा नाही. एकदा वाटी तोंडाला लावता लावता ती म्हणाली, ‘‘अवो, सायबाला ग्वाड पाजलं की तुमी. आमच्या वाट्याला ह्ये व्हय?’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सहन झालं नाही. तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात तिनं प्राण सोडला. डॉक्टरांनी विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? निंगप्पानं आपल्या हातांकडं बघितलं.

गुरुजींनी अर्ज थांबवले नव्हते. शहात्तरच्या उन्हाळ्यात दुसरा साहेब आला. चावडीपुढं जीप थांबली, पण निंगप्पा आला नाही. पाटलांनी माणूस धाडून बोलावून घेतला. नदीवर गेल्यावर साहेबाच्या शिपायानं सवयीनं बाटल्या त्याच्यापुढं केल्या.

निंगप्पानं हात मागं घेतले. ‘‘तुमीच उतरा, साहेब. माज्या हातचं घेऊ नगा.’’

शिपाई खेकसला. साहेबानं त्याला गप्प केलं, बूट काढले, पँट वर दुमडली आणि काळ्या पाण्यात उतरला. दोनदा तोंड फिरवून ओकला, पण बाटल्या स्वतः भरल्या. वर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता आणि हात अंगापासून लांब धरून उभा होता.

‘‘हात धुवायला जरा चांगलं पाणी आणता का?’’

‘‘ह्येच हाय, साहेब,’’ निंगप्पा म्हणाला. ‘‘गावात दुसरं न्हाय.’’