लाइनवर आधी कोण येणार

माझ्या पीएच.डी.चा विषय टेलिफोन हा होता. युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष एकमेकांना फोन करतात, त्या फोनांनी राज्यकारभाराचं काय बरंवाईट होतं, असं काहीसं. एवढं लांबलचक कोणी ऐकून घेत नसे. माझ्या आत्याने तर ‘फोन’ एवढंच ऐकलं आणि म्हणाली, "मग त्यासाठी जपान कशाला? इथेच टेलिफोन खात्यात चिकटली असतीस."

मी टोकियोतल्या एका विद्यापीठात शिकत होते आणि निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीत राहत होते, कारण तिथे कढीपत्ता मिळायचा.

पुण्यात आमच्या घरीही अध्यक्षीय राज्यपद्धतच होती. अध्यक्ष बाबा, बँकेतून निवृत्त झालेले. हॉलमधल्या फोनवर ते बोलत आणि आई स्वयंपाकघरातल्या एक्स्टेन्शनवर गुपचूप ऐकत असे. राष्ट्राध्यक्षांच्या फोनवरही एखादा अधिकारी दुसऱ्या रिसीव्हरला कान लावून टिपणं घेत बसतो, हे मी पुढे वाचलं तेव्हा मला काडीचंही नवल वाटलं नाही. फक्त त्यांच्या संभाषणात मधेच कुकरची शिट्टी होत नसावी.

मार्चमध्ये जपानात मोठा भूकंप झाला आणि तेव्हापासून बाबांनी एकच धोशा लावला, परत ये. दर रविवारी फोनवर आमची खडाजंगी व्हायची. मी धक्के आता कमी झालेत म्हणायचे, ते टीव्हीवर काय दाखवतायत ते सांगायचे. भूकंपाच्या दिवशी टोकियोतले फोन ठप्प होते, मला दुसऱ्या दिवशीपर्यंत घरी फोन लावता आला नव्हता, हे मी परोपरीने सांगितलं होतं. त्यावर बाबा नुसतं "असेल" म्हणायचे. त्यांचं हे "असेल" ऐकून माझं डोकं फिरायचं.

पुढची वर्षं इथे राहणार की नाही, हे शरद ऋतूत विद्यापीठाला कळवायचं होतं. परत गेले असते तर प्रबंध बुडाला असता. मला राहायचं होतं, अगदी जिवापाड. पण बाबांना दुखवून राहण्याइतकी माझी छाती नव्हती. शेवटी त्यांनीच फर्मान काढलं, "मी तुझ्या सरांशी बोलतो. मग ठरवू."

आता ही माझ्या अभ्यासातलीच गोष्ट झाली. दोन राष्ट्राध्यक्ष बोलणार असले की लाइनवर आधी कोण येणार यावरून दोन्हीकडचे सचिव झुंजतात, कारण जो आधी येतो त्याला ताटकळावं लागतं, आणि ताटकळतो तो लहान ठरतो. बाबांनी न शिकताच सांगितलं, "आधी त्यांना फोनवर घे. मग मी येतो." हे सरांना कोणत्या तोंडाने सांगू, याची मला धास्ती पडली होती.

ठरलेल्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले, तर सर कोट-टाय घालून टेबलाशी उभे. फोन लावायला अजून बराच अवकाश होता. वडीलधाऱ्या माणसाला वाट पाहायला लावणं बरं नाही, म्हणाले. मी घरी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि बाबांना सांगितलं की सर केव्हाचे उभे आहेत.

"उभे?" बाबा गडबडले. "अगं, मग बसव त्यांना. थांब, मी शर्ट घालून येतो."

ज्या मानापानावरून दोन देशांचे सचिव हमरीतुमरीवर येतात, तो प्रश्न आमच्याकडे बनियनवर सुटला.

बाबांचं इंग्रजी बँकेतलं आणि सरांचं पुस्तकातलं, दोघांचं एकमेकांना कळेना. तेव्हा मधे मी दुभाषी. बाबांनी आधी सरांच्या तब्येतीची, मग टोकियोतल्या थंडीची चौकशी केली आणि एकदम मुद्द्यावर आले. "त्यांना म्हणावं, शब्द द्या. पुन्हा भूकंप झाला तर तासाभरात हिचा घरी फोन येईल. एवढा शब्द द्या, मुलगी तुमच्याकडे ठेवतो."

मी भाषांतर केलं. सरांनी डोळे मिटले. जपानी माणूस विचार करताना गप्प बसतो. बाबांना फोनवरची शांतता सहन होत नाही.

"हॅलो? हॅलो? लाइन तुटली का गं?"

"नाही बाबा, विचार करताहेत."

"एवढा काय विचार करायचाय? हो म्हणायचंय फक्त."

मग सर हळूहळू बोलले. असा शब्द मला देता येणार नाही. त्या दिवशी माझा स्वतःच्या बायकोलाही फोन लागला नाही. रात्रभर ती जिवंत आहे की नाही, मला माहीत नव्हतं. पुन्हा तसं झालं तर पुन्हा लागणार नाही.

"सर हो म्हणताहेत" एवढं म्हटलं की काम फत्ते होतं. पण बोलणं गोड करून सांगणाऱ्या दुभाष्यांना मी प्रबंधात अख्खं प्रकरणभर झोडपलं होतं. शिवाय सर समोर उभे होते, कोट घालून. मी त्यांचा शब्द न् शब्द बाबांना सांगितला आणि मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

पुण्याकडून कुकरची एक शिट्टी ऐकू आली.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "त्या दिवशी खरंच लागत नव्हता?"

"बाबा, मी किती वेळा सांगितलं तुम्हाला."

"तू सांगितलंस गं. मला वाटलं, घरी फोन करायचं तुझ्या लक्षातच आलं नाही. तिकडची झालीस."

तेवढ्यात एक्स्टेन्शनवरून आई बोलली. आजवर ती त्या फोनवर कधीच बोलली नव्हती. "इतके महिने हेच मनात धरून बसलेत. त्या दिवशी फोनपाशी खुर्ची टाकून बसले होते. जेवले नाहीत. तुझ्या आत्याचा फोन आला तर तिच्यावर खेकसले, ठेव म्हणे, लाइन मोकळी राहू दे."

"तू कशाला मधे बोलतेस?" बाबा आईला म्हणाले. मग मला म्हणाले, "राहा तिकडे. पुरं कर तुझं."

वडील काय म्हणाले, असं सरांनी हलक्या आवाजात विचारलं. राहा म्हणाले, एवढं मी सांगितलं. खुर्चीचं मला सांगता येईना.