रडू येत नव्हतं तेव्हा

कर्वेनगरच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. मनोविकार का होतात याची दोन उत्तरं दरवर्षी शिकवायचे. एक शरीराचं: मेंदूतली रसायनं, आनुवंशिकता. दुसरं मनाचं: बालपण, सोसलेले धक्के, विचारांच्या सवयी. त्या वर्षीही शिकवलं. घरी आले की मात्र पर्स खांद्यावरच ठेवून पलंगावर बसून राहायचे. दुःख होतं असं नाही. काहीच नव्हतं.

एकदा गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी समोर उभी राहून बघत होते. आईनं धावत येऊन गॅस बंद केला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वडिलांना हाक मारली.

वडील मला ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले, त्यांनी नैराश्य असल्याचं सांगितलं. मेंदूतल्या रसायनांचं काम नीट चालत नाही असं साधारण समजा, प्रत्यक्षात ते इतकं सोपं नसतं, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना हे एकदम पटलं.

"म्हणजे बीपीसारखंच. यात कुणाची चूक नाही."

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं काही? "माझी आई," वडील म्हणाले. "भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एका समुपदेशक बाईंकडेही जायला लागले. त्या लहानपणाबद्दल विचारायच्या. मी सांगितलं, खडकीच्या क्वार्टरमध्ये आमच्या दोनच खोल्या. वडिलांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे. रडू आलं तर आई तोंडावर हात ठेवायची. पुढे मला आवाज न करता रडता यायला लागलं, आणि मग रडू यायचंच बंद झालं.

हे मी घरी सहज बोलून गेले. आई मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे हे माझ्यामुळे झालं का गं?"

"एकाच कारणानं होत नसतं," मी म्हणाले. वर्गात बोलते त्याच आवाजात. तिला लागलंय हे मला दिसत होतं. पण जवळ जावं असं वाटलं नाही. ती पुन्हा मटार सोलायला लागली.

पुढच्या आठवड्यात तीच म्हणाली, "मी येऊ का एकदा तुझ्या त्या बाईंकडे?"

बाईंनी बोलावलं. आई इस्त्रीची साडी नेसून आली आणि खुर्चीच्या कडेला बसली. "यांची झोप मोडली तर कारखान्यात डोळा लागायचा, काहीतरी व्हायचं," ती म्हणाली. "आतमध्ये सगळा दारूगोळा. मी रोज घाबरलेली असायचे. पोरीला गप्प करण्याशिवाय मला काही सुचायचं नाही." आणि ती माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली, मोठ्यानं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवायचा असतो म्हणून ठेवला. आत काही हललं नाही. पण हात काढून घेतला नाही, एवढं आठवतं.

गोळी अजून चालू आहे, डोस कमी झालाय. बाईंकडेही अधूनमधून जाते. नेमका कशाचा उपयोग झाला, मला सांगता येणार नाही. हळूहळू भूक लागायला लागली. मग एका रविवारी वडिलांनी माझा चहा बेचव झाल्याचं सांगितलं आणि मी चिडले. चांगलीच चिडले. "उद्यापासून स्वतः करून घ्या," म्हणाले आणि कप उचलून आत नेला.

वडील आईला म्हणाले, "आल्या वाटतं बाईसाहेब ठिकाणावर."

बाहेरून मला आईचं हसणं ऐकू आलं. मी सिंकपाशी उभी होते, रागानं कान तापले होते.