पटायातलं गाऱ्हाणं

मी आमचं तोंडवली गाव सोडलं त्या दिवशी अख्खा समुद्र मला पोचवायला एस्टी स्टँडवर आला होता. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. निदान आई तरी आली होती, आणि तिच्या अंगाला समुद्राचा वास कायमचाच. मालवणच्या बाजारात मासळीची टोपली झाकून, गिऱ्हाइकं सोडून ती आली, ही गोष्ट समुद्र येण्यापेक्षा लहान नव्हे. तिने माझ्या बॅगेत सुके बांगडे आणि सोडे असे काही ठासले होते की गोव्याच्या विमानतळावर बॅग उघडली तेव्हा तपासणारा साहेब मागे सरकला आणि रांगेतले चार जण जागच्या जागी शाकाहारी झाले. गाडी सुटताना ती एवढंच म्हणाली, "पोटाक मारू नको हां. आणि फोनवर रडू नको, बिल येता."

मी पटायाला आलो तो स्वयंपाकी म्हणून. आपल्याकडून येणाऱ्या पर्यटकांना परदेशात येऊन डाळभातच हवा असतो, तो मी शिजवतो. तुम्ही मंडळी जे दुबईला गेलात, मस्कतला गेलात, तुम्हाला गावी लोक पगार विचारतात. मला कोणी पगार विचारत नाही. पटाया म्हटलं की माणूस डोळा मारतो. माझ्या मामाने मारला, पोस्टमनने मारला, शेजारच्या बोक्यानेही मारला असावा, पण त्याचा एक डोळा तसाच मिटलेला असतो, म्हणून खात्रीने सांगत नाही.

आमचं हॉटेल पटायाच्या त्या प्रसिद्ध बारवाल्या रस्त्याच्या तोंडाशीच. तिथले दलाल म्हणजे काय चीज आहे ते बघायलाच हवं. आमच्या दाराशी उभा असतो त्याचं नाव सोमचाय. हातात गुळगुळीत कार्डं, त्यावर बायकांचे फोटो. माणूस चालतो कसा यावरून तो त्याचा जिल्हा ओळखतो. गुजराती दिसला की "केम छो शेठ, मसाज?" मराठी दिसला की "भाऊ, कसा काय? बघून तर जा!" एकदा एक गृहस्थ "आम्ही शाकाहारी आहोत" म्हणाले, तर हा म्हणतो, "नो प्रॉब्लेम, तीही शाकाहारी!" मी मेलो तर माझ्या तिरडीबरोबरही तो चार पावलं कार्ड दाखवत येईल. आधी मला त्याची चीड यायची. मग सुट्टीत घरी आलो, मालवणच्या जेटीवर गेलो, आणि माझ्याच वर्गातला गणू मला न ओळखता माझा हात धरून म्हणाला, "सर, स्कुबा? सर, डॉल्फिन? चला सर!" मी गाव सोडलं तेव्हा त्या जेटीवर फक्त कुत्री आणि जाळी झोपलेली असत. तेव्हापासून मी सोमचायला चहा देतो.

त्याच रस्त्यावरच्या एका बारच्या दारात नोई उभी राहते. तिचं गाव दूर उत्तरेकडे, भातशेतीचं. रोज संध्याकाळी कामावर जाण्याआधी ती आमच्याकडून भात आणि माशाची आमटी बांधून नेते. घरी आईला सांगते, हॉटेलात कामाला आहे. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे, आणि तेवढं पुरे आहे.

भानगड झाली ती एका फोटोमुळे. कणकवलीकडचा कोणी पर्यटक सेल्फी काढत होता. त्याच्या खांद्यामागे मी, हातात जेवणाचं पार्सल, आणि समोर तोकड्या कपड्यांतली नोई, दोघंही हसतोय. फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. पार्सल कोणाला दिसलं नाही. धाकट्या बहिणीने, शोभाने, फोनवर सांगितलं की भर बाजारात शेजारची मासेवाली आईला म्हणाली, "तुझो झील थय बायो दाखयता म्हणतत, खरा काय गो?" म्हणजे मी, तिचा मुलगा, पटायात बायकांची दलाली करतो.

"मग आई काय म्हणाली?"

"काय नाय म्हणाली."

माझ्या हातातला डाव खाली पडला. माझी आई म्हणजे जिच्याशी भाव करताना गिऱ्हाईक स्वतःहून दहा रुपये जास्त देऊन पळतं ती. ती गप्प बसली! त्या दिवसापासून ती टोपली घेऊन बाजाराच्या पार टोकाला बसू लागली होती. मी काय सांगणार होतो तिला? पटायात राहून "मी फक्त भात शिजवतो" म्हणणं म्हणजे बोक्याने "मी फक्त दूध राखतो" म्हणण्यासारखं.

आणि अशातच आमच्या भागातले सिमेंटचे व्यापारी पटायात येऊन थडकले. कंपनीने फुकट सहल दिली होती. घरी सगळ्यांनी सांगितलं होतं, "मीटिंग आसा." पुढारी आमच्या वाडीतलेच अण्णा. दुकान सिमेंटचं, पण खरा मान गाऱ्हाण्याचा. होडी पाण्यात लोटायची असो की मुलगी बघायला जायचं असो, अण्णा देवाला गाऱ्हाणं घालणार, म्हणजे काम सांगून यश मागणार, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणणार, मगच पाऊल उचलायचं.

बांगड्याचं तिखलं ओरपून झाल्यावर अण्णा माझ्या कानाशी आले. "बाबू, जरा... ता दाखव मरे. तुका सगळा ठावक आसा म्हणतत."

मी कात्रीत सापडलो. नेलं तर हीच माणसं गावी जाऊन सांगणार, की ऐकलेलं खरं आहे. नाही नेलं तर सोमचाय त्यांना सोलून काढणार आणि नाव माझंच जाणार. आईचा आवाज आता या माणसांच्या हातात होता. रस्त्यावर दिवे लागत होते, सोमचाय कार्डं घेऊन तयार. मी आत गेलो आणि एक नारळ घेऊन आलो.

"चला अण्णा, जावया. पण पयला गाऱ्हाणा घाला."

अण्णांच्या हातात नारळ आला की त्यांचं तोंड त्यांच्या ताब्यात राहत नाही. डोक्यावरची टोपी सारखी करून त्यांनी सुरुवात केलीच. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा घरदार सोडून ह्या परक्या मुलखात इली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" एव्हाना सहा दलाल गोळा झाले होते, तेही ओरडायला लागले.

"तर ती आता जी काय... जी काय कामगिरी करूक जातत..."

अण्णा थांबले. गाऱ्हाण्यात मोघम चालत नाही. होडी असेल तर होडी म्हणावं लागतं, नाहीतर देव यश देणार कशाला?

मागून कोणीतरी पुटपुटलं, "मीटिंगीक म्हणा, अण्णानू."

"मेल्या, देवाक फशीवतंस?"

तेवढ्यात नोई भात न्यायला आली. काही पूजा चालली आहे असं समजून तिने पार्सलाची पिशवी कोपरात अडकवली आणि हात जोडून आमच्यात उभी राहिली. सगळ्यांनी तिला ओळखलं. अण्णांनी हळूच विचारलं, "फोटोतली ती हीच मां?"

"हीच. हयसून भात नेता. आवशीक हॉटेलात आसय म्हणान सांगता."

अण्णांनी नारळ छातीशी धरला. मग म्हणाले, "आमीय घराक मीटिंगच सांगलाव." आणि आवाज उंच करून, "तर म्हाराजा, ह्या चेडवाची आवस जंय खंय आसात, तिका सुखी ठेव! घरापासून लांब रवान पोट भरतत त्या सगळ्यांची अब्रू राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सोमचायचा.

नारळ फुटला, खोबरं वाटलं. तिथेच सगळे संत झाले असं मी म्हणणार नाही. दोघंतिघं नंतर सटकले. त्यांची नावं मी सांगत नाही. बाकीच्यांनी पुन्हा भात मागवला.

परत गेल्यावर अण्णा बाजाराच्या टोकाला आईच्या टोपलीसमोर उभे राहिले आणि देवगडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझो झील लोकांका भात वाढता. माझ्या डोळ्यांनी बघून इलंय." शेजारणीने लगेच विचारलं, "आणि तुमी थय कित्याक गेल्लास, अण्णा?" अण्णांनी भाव न करता पापलेट घेतलं आणि घर गाठलं.

आता मला वाटतं, घर म्हणजे माड नव्हे, समुद्रही नव्हे, तो इथेही आहे. पटायात माझ्याबद्दल कोण काय बोलतं त्याने माझ्या आमटीतलं मीठही कमीजास्त होत नाही. पण तोंडवलीतल्या एका माणसाने उच्चारलेलं अर्धं वाक्य तीन देश ओलांडून येतं आणि माझा डाव खाली पडतो. जिथलं बोलणं लागतं, ते घर.

परवा आईचा फोन आला. जुन्या जागेवर बसते म्हणाली. त्या शेजारणीला काय काय सुनावलं ते इथे छापता येणार नाही. मग तिने फोटोतल्या नोईबद्दल विचारलं, "ता चेडू जेवता मां वेळेर?"

"जेवता."

"फुडल्या खेपेक तिका घेवन ये. बाजारात माझ्या बाजूक बसय. बघूया, कोण बोलता ता."