व्हॉल्यूमचा दांडा कुणी पिळला?

चैत्रातला दुसरा मंगळवार, प्रात्यक्षिक परीक्षा: जबाबदार, बाहेरगावचे परीक्षक. त्यानंतरचा शुक्रवार, निकाल: जबाबदार, न पाहता सही करणारे विभागप्रमुख. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीचा सोमवार: जबाबदार, मी.

उदारीकरणाची ती पहिली वर्षं. तंजावुरात घरोघरी नवे टीव्ही येत होते, जुने रेडिओ माळ्यावर जात होते. आमच्या रेडिओतला आवाज कमीजास्त करण्याचा भाग काढून माझ्या मुलीनं पॉलिटेक्निकचा शेवटचा प्रकल्प केला. पापनाशमच्या कालव्याचं दार किती उघडलं आहे, ते बांधावर न जाता कळावं, हा हेतू. दाराच्या लाकडी नमुन्याचा आस तिनं त्या भागाच्या दांड्याला जोडला. दांडा फिरला की आतला रोध बदले आणि मीटरचा काटा दार किती वळलं ते दाखवी. असा दांडा पूर्ण गोल फिरत नाही. दोन्ही टोकांना अटकाव असतो. दाराला पाव फेरा पुरेसा आहे, हे तिनं वहीत स्पष्ट लिहिलं होतं.

सोमवारी मी तिला बजावलं, "परीक्षक म्हणजे न्यायासन. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." न्यायालयातल्या नोकरीत मी जन्मभर हेच पाळलं होतं.

मंगळवारी परीक्षकांनी वही उघडलीच नाही. दांडा धरला आणि अटकाव लागल्यावरही पिळला. आत कडकन काही तुटलं. मीटरचा काटा शून्यावर पडला. त्यांनी शेरा लिहिला: 'चालत नाही.' ती गप्प उभी राहिली.

"कोर्टातली शिस्त लेकीच्या गळ्यात बांधलीत," पत्नी म्हणाली. "आता लिहीत बसा अर्ज!"

मी लिहिले. तीन, पोचपावतीसह. उत्तर एका ओळीचं: निकाल अंतिम आहे. मुलीचं वर्ष गेलं.

चौथा अर्ज तिनं वाचला. "अप्पा, यात दोघंच आहेत. सोमवार कुठाय?"

"तो मुद्दा गैरलागू आहे."

"मग मी गप्प का राहिले, ते त्या परीक्षक सारना कोण सांगणार? तुम्ही अर्ज लिहिता ते मेज?"

मी तो कागद फाडला आणि हा लिहायला घेतला. माझा दोष मी सर्वांसमक्ष मान्य करतो. तुटलेला भाग मी जपून ठेवला आहे. अटकावाची पत्र्याची जीभ बाहेरच्या बाजूला वाकलेली आहे, कुणीही येऊन पाहावी. आता परीक्षकांनी त्याच प्रयोगशाळेत, विद्यार्थ्यांसमोर, उघड सांगावं: अटकाव लागल्यानंतर आपण दांडा पिळलात की नाही? उत्तर हो किंवा नाही, एवढंच हवं.