पॉलिशची फरशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोलाही न्हाई. तुम्हाला सांगायलोय — आणि सांगतानाही मनात येतंयच, हा माणूस कुठं बोलणार तर न्हाई? स्वभावच तसला माझा, काय करणार.

म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्या सुमाराची गोष्ट. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर माझी खानावळ होती. भटारखान्यातली मातीची जमीन काढून शहाबादी फरशी टाकायची ठरली. सुभद्राक्का माझ्याकडं स्वयंपाकाला होती, मंठाळची. ती म्हणाली, "अण्णा, खरखरीत टाका. तेलापाण्यात पाय टिकला पाहिजे."

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. हिला फरशीची एवढी काळजी कामून? कोठीतली तूरडाळ मला कमी वाटायली होती — नुसती वाटायली होती, मोजली कुणी होती? खरखरीत दगडावर पाऊल उमटत न्हाई, म्हणूनच ही असं सांगायलीय, असं मी धरून बसलो. मुद्दाम काळी, पॉलिशची फरशी आणली. लोकांना सांगितलं, धुवायला सोपी, झुरळं होत न्हाईत. खरं कारण — पाऊल दिसावं.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या फरशीवर ज्वारीचं पीठ भुरभुरलं. कोठीच्या दारापर्यंत, सगळीकडं. ती उजाडायच्या आधी यायची, अंधारात तिला दिसणार न्हाई, हे मला ठाऊक होतं.

तिनं येऊन चूल पेटवली, पाणी आणायला वळली, अन् घसरली. आवाज ऐकून मी कंदील घेऊन धावलो. आणि — लाज वाटते सांगायला — आधी तिच्याकडं न्हाई, पावलांकडं बघितलं. दारापासून सरळ चुलीपर्यंत. कोठीकडं एकही न्हाई.

ती कण्हत होती. मी फडकं घेऊन पीठ पुसलं. मग लोकांना हाक मारली.

खुब्याचं हाड मोडलं. काम सुटलं. विचारील त्याला मी सांगत गेलो, तिच्याच हातून तेल सांडलं होतं. तीही म्हणायची, "व्हय, सांडलं असंल." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी कुणावर ठेवला होता?

पुढं जात्याला टाकी लावणारा बोलावून, छिन्नीनं ठोकून सगळी फरशी खरखरीत करून घेतली. मालक भला हाय, म्हणाले लोक. मी ऐकून घेतलं.

एकदा ती काठी टेकत आली. चप्पल काढली, पाय फरशीवर घासून बघितला.

"आता बरी झाली, अण्णा."

मी व्हय म्हणालो अन् गल्ल्यावर जाऊन बसलो.