रईसाआपांचा सत्कार

मेहरूणच्या त्या डाळमिलमध्ये युनियन आली ती रईसाआपांमुळे, हे आज तिथल्या हमालांना सांगून पटायचं नाही. तेव्हा डाळ निवडणाऱ्या बायकांसाठी मिलमध्ये संडास नव्हता. आपांनी सगळ्यांना फाटकात बसवलं, सुपं पालथी घालून. आतून कडी लागणारा संडास मिळाला, तेव्हाच बायका उठल्या, आणि त्यातूनच युनियन झाली. मागाहून पुरुष सभासद झाले आणि अर्थातच अध्यक्षही तेच झाले. आपांच्या वाट्याला फक्त नाव आलं, संडासवाली आपा.

आता मिलमध्ये डाळ निवडायचं मशीन आलंय. हमाल ठेवायचे, बायका काढायच्या, असा समझोता अध्यक्ष रुपचंदभाऊ मालकाशी करून बसले होते. सभेची मंजुरी तेवढी बाकी होती. दुखरे गुडघे घेऊन आपा सभेला आल्या.

"आपल्या बायका जास्त आहेत. हात मोजू दे त्यांना," त्या सुनंदाबाईला म्हणाल्या. सुनंदाबाई जन्मभर त्यांच्या शेजारी बसून डाळ निवडत आलेली.

आपांचा हात वर गेल्याशिवाय या बायका हात वर करत नसत. पूर्वी मुकादम एकेकटीला हेरून कामावरून काढायचा, म्हणून आपांनीच ही सवय लावली होती.

सभा सुरू होताच रुपचंदभाऊंनी आपांना स्टेजवर बोलावलं. "ही युनियन आपांनी उभी केली," ते माईकवर म्हणाले. इतक्या वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. आपांना भरून आलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ, त्यावर गुच्छ, त्यावर भलंमोठं सन्मानचिन्ह. फोटोवाला म्हणाला, "आपा, हलू नका." त्या हलल्या नाहीत. बाईमाणसाला एवढा मान रोज कोण देतो हो?

"समझोत्याला कुणाचा विरोध असेल तर हात वर करा," रुपचंदभाऊ त्याच दमात म्हणाले.

खाली सगळ्या बायका आपांकडे बघत होत्या. आपा भांबावून सन्मानचिन्ह ठेवायला जागा शोधू लागल्या. टेबल लांब होतं, आणि मानाची वस्तू पायाशी कशी ठेवायची? शेवटी त्यांनी सगळं खाली सोडून दिलं आणि हात वर केला. तोवर "एकमताने मंजूर" म्हणून झालं होतं. आपा हात उंचावून आभार मानताहेत असं वाटून हमालांनी आणखी टाळ्या वाजवल्या. त्या ओरडल्या, पण माईक बंद झाला होता.

सुनंदाबाई स्टेजपाशी आली. रडत नव्हती. तिला फक्त कारण हवं होतं.

"आपा, तुन्हा हात तव्हय काब्रं वर उना नही? आम्ही बठ्ठ्या तुन्हाकडेच देखत व्हतूत."

आपांकडे एकच खरं उत्तर होतं. तेच त्यांनी दिलं.

"माझा फोटो काढत होते गं."